उल्हासनगरची खाऊगल्ली आणि सूर्यास्ताची वेळ



आमच्या स्वाध्याय मंडळातल्या चौघी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या संध्याकाळच्या खाद्यफेरीला जाऊन आल्या, त्यात मीही होते. तेव्हापासून फोनवर एकच प्रश्न येतो. "अगं, तुझा रात्रीभोजनाचा त्याग, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, मग तिथे जाऊन तू केलंस तरी काय?" पन्नास मिनिटं खाल्लं आणि दोन तास ऐकलं, एवढंच थोडक्यात उत्तर. जे ऐकलं ते खाल्ल्यापेक्षा जास्त पुरलं, म्हणून आज लिहायला बसले.

बदलापूरला राहून मला चाळीस वर्षं होत आली. लोकलने मुंबईला जाताना अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी ही स्टेशनं किती वेळा मागे टाकली असतील याचा हिशेब नाही. उल्हासनगर म्हणजे लग्नाचा बस्ता, स्वस्त कापड, फर्निचर आणि नकली मालावरचे विनोद, एवढीच आपली ओळख. सूनबाईंनी मोबाईलवर आमची नावं नोंदवली तेव्हा मलाही वाटलं होतं की ही हौसेची सहल. फेरी नेणारी मुलगी सिंधी, तिशीच्या आतली, तिथेच जन्मलेली. पहिल्याच पाच मिनिटांत तिने सांगितलं, "आंटी, इथल्या प्रत्येक पदार्थाच्या मागे एक हरवलेलं स्वयंपाकघर आहे." हे वाक्य ती रोज म्हणत असणार, पण फेरी संपेपर्यंत मला ते पटलं.

आधी छावणी, मग गाव

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैन्यासाठी मोठी छावणी उभारली. लांबच लांब बराकी, दोन हजारांहून जास्त. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या राहिल्या. आणि १९४७ साली फाळणी झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पंजाब आणि बंगालची वाटणी झाली, त्यांचा एक एक भाग भारतात राहिला. सिंधची वाटणी झालीच नाही. तो सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना सीमा ओलांडल्यावर "आपला" म्हणावा असा जिल्हासुद्धा नव्हता. गंमत अशी, की तोच सिंध १९३६ च्या मार्चपर्यंत आपल्या मुंबई इलाख्याचा भाग होता. कराची आणि मुंबई एकाच इलाख्यातली दोन बंदरं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर बोटी भरभरून माणसं मुंबईला येऊ लागली. त्यातल्या सुमारे लाखभर माणसांच्या वाट्याला कल्याणच्या या बराकी आल्या. एकेका बराकीत अनेक कुटुंबं, आणि दोन संसारांच्या मध्ये भिंत म्हणून चादर नाहीतर गोणपाट.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीचं नामकरण झालं, उल्हासनगर. जवळून उल्हास नदी वाहते, म्हणून हे नाव. घरदार सोडून आलेल्यांच्या वस्तीला "उल्हास" म्हणायचं, यात मला कुणाच्या तरी मनातला आशीर्वाद दिसतो. पण लोकांच्या तोंडी मात्र आजही कॅम्प एक, कॅम्प दोन, असे पाचही कॅम्पच आहेत. पंच्याहत्तर वर्षं झाली तरी पत्त्यातली छावणी गेली नाही.

पकवान: कोरडं ते टिकतं

फेरी पाच वाजता गोल मैदानाजवळून सुरू झाली. आमच्यातल्या तिघींचा नियम सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण आटोपण्याचा. त्या दिवशी सूर्य साडेसहानंतर मावळणार होता, म्हणजे आमच्या हातात जेमतेम पन्नास मिनिटं. हे त्या मुलीला आधीच कळवलं होतं. तिने बिचारीने फेरीचा क्रम आमच्यासाठी बदलला आणि सर्वांत आधी दाल-पकवानाच्या दुकानात नेलं. खरं तर हा सिंधी घरांतला सकाळचा नाश्ता, पण हे दुकान संध्याकाळीही चालू असतं.

पकवान म्हणजे मैद्याची जिरं किंवा ओवा घातलेली मोठी पातळ पुरी. ती फुगू नये म्हणून लाटल्यावर टोचे मारतात आणि मंद आचेवर कडक तळतात. सोबत हरभऱ्याच्या डाळीचं घट्ट वरण, हळद, जिरं, आमचूर घातलेलं. वर चिंचेची चटणी, हिरवी चटणी आणि चिरलेला कांदा. आम्ही कांदा आणि लसणाची हिरवी चटणी काढायला सांगितली. डाळीत मुळातच कांदा-लसूण नव्हता. दुकानदारांनी वेगळ्या वाटीत चिंचेची चटणी दिली आणि विचारलंही नाही की का. या भागात आपल्या लोकांची सवय त्यांना आहे.

खाताना माझं लक्ष पकवानाच्या कडकपणाकडे गेलं. माझं माहेर सांगलीकडचं. यात्रेला निघायचं म्हटलं की आई दुधात कणीक भिजवून दशम्या करायची. पाण्यात भिजवलेली पोळी लवकर खराब होते, दशमी टिकते. गुजराती जैन घरांत त्यासाठी खाखरा असतो. सिंधी घरांत त्यासाठी कोकी आहे. घट्ट कणीक, भरपूर मोहन, आधी अर्धवट भाजायची, मग पुन्हा लाटून तुपावर खरपूस करायची. प्रवासाला निघालेल्या सिंधी माणसाच्या डब्यात कोकी असायचीच, असं ती मुलगी सांगत होती. कोकीत कांदा घालतात, पण नुसतं जिरं, मिरची आणि अनारदाणा घालूनही ती होते. आपल्याकडे पिठाला आणि पदार्थांना ऋतूप्रमाणे मर्यादा असते. ओलं लवकर चलित होतं, कोरडं जास्त टिकतं, हे आपल्या सासवांनी आपल्याला नियम म्हणून शिकवलं. तेच शहाणपण दुसऱ्या एका समाजाने प्रवासाची गरज म्हणून जपलं होतं, आणि एक दिवस तो प्रवास परतीचा राहिला नाही.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर, त्यामुळे प्लेटमधल्या पदार्थाचा हिशेबही डोक्यात चालूच होता. पकवान एकदाच तळून डब्यात भरून ठेवता येतं. डाळीचं एक पातेलं दिवसभर मंद आचेवर राहतं. गिऱ्हाईक आलं की फक्त वाढायचं. भांडवल थोडं, वाया जाणारा माल कमी, पैसा रोजच्या रोज मोकळा. ज्याच्या हाती काहीच नाही त्याने कोणता धंदा करावा, असं परीक्षेत विचारलं असतं तर मी हेच उत्तर लिहिलं असतं. नफा थोडा ठेवायचा आणि माल भराभर फिरवायचा, हे सिंधी व्यापाराचं सूत्र सगळे सांगतात. ते पाठ्यपुस्तकातून आलेलं नाही, रिकाम्या हातातून आलेलं आहे.

सिंध आपल्याला परका नाही

आमच्यातल्या एकीने हळूच मला म्हटलं, "आपला आणि सिंधचा काय संबंध?" संबंध आहे आणि जुना आहे. सिंधच्या आग्नेय टोकाला थरपारकरमध्ये नगरपारकर नावाचं गाव आहे. त्या परिसरात जुनी जैन मंदिरं आहेत. त्यातलं गोडी पार्श्वनाथाचं मंदिर चौदाव्या शतकातलं. एके काळी दुरून दुरून यात्रेकरू तिथे जात. मुंबईत पायधुनीला आपल्या श्वेतांबर बांधवांचं गोडीजी पार्श्वनाथांचं देरासर आहे, १८१२ सालचं. त्या नावातला "गोडीजी" तोच. म्हणजे मुंबईतल्या हजारो श्रावक-श्राविका रोज ज्या नावाने दर्शन घेतात, ते नाव आज पाकिस्तानात असलेल्या वाळवंटातून आलेलं आहे. तिथली मंदिरं अजून उभी आहेत, पण त्यांत पूजा नाही. जागा सुटते आणि नाव मात्र माणसं बरोबर आणतात, याचा अनुभव आपल्यालाही आहे.

दहा मिनिटं कमी सहा

दाल-पकवानानंतर एका मिठाईच्या दुकानात गेलो. सिंधी मिठाईतली सिंघर, म्हणजे शेव आणि मावा एकत्र करून केलेली बर्फी, तिथे मिळाली. होळी जवळ आली की घीयर नावाची ताटाएवढी जिलबी येते, ती अजून आली नव्हती. पाणी आम्ही घरून उकळून नेलं होतं, ते प्यायलो. दहा मिनिटं कमी सहाला तिघींनी मनातल्या मनात णमोकार म्हणून चारी आहारांचा त्याग केला. चौथीचा नियम नाही, ती खात राहिली आणि तिला कुणी काही बोललं नाही.

यापुढची फेरी माझ्यासाठी डोळ्यांची आणि कानांची होती. छोले आणि डबल, म्हणजे पाव. पावाला सिंधीत डबल रोटी म्हणतात, त्यावरून हे नाव. सन्ना पकोडा, म्हणजे एकदा तळून, हाताने मोडून पुन्हा तळलेली भजी. अरबीचा आणि बटाट्याचा दोनदा तळलेला टूक. आणि जागोजागी आपला वडापाव, जो १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात. बटाटा आणि पाव, हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे, दोन्ही वस्तूही त्यांच्याबरोबर आलेल्या. आपल्या आचार्यांनी कंदमुळांतल्या अनंतकाय जीवांविषयी लिहिलं तेव्हा बटाटा या देशात आलाही नव्हता. नंतर आला तेव्हा श्रावकांनी त्याला जुन्याच कसोटीला लावलं आणि बाजूला ठेवलं. नवा पदार्थ आला म्हणून कसोटी बदलली नाही.

एका गाडीवर मोठ्या अक्षरांत "जैन पावभाजी मिळेल" असा फलक होता. बटाट्याऐवजी कच्चं केळं, कांदा-लसूण नाही. फलक वाचून सोबतच्या दोन अनोळखी तरुणी म्हणाल्या, "आंटी, तुमच्यासाठी आहे बघा!" मी हसून आकाशाकडे बोट दाखवलं. बाजारात "जैन" हा शब्द आता एका चवीचं नाव झालाय. काय वगळायचं ते त्या फलकाला माहीत आहे, पण केव्हा थांबायचं ते नाही. आचार्य अमृतचंद्रांनी "पुरुषार्थसिद्ध्युपाया"त रात्रीभोजनाचा विचार हिंसेच्याच प्रकरणात केला आहे, चवीच्या नाही. त्या गाडीवरच्या दिव्याभोवती किडे घोंघावत होते आणि खालीच तवा तापलेला होता. हजार वर्षांपूर्वीचं ते म्हणणं समजायला मला त्या संध्याकाळी टीकेची गरज पडली नाही.

पापड आणि पाणी

सात वाजून गेल्यावर ती मुलगी म्हणाली, शेवटचा मुक्काम दुकानात नाही, माझ्या घरी. एका जुन्या बराकीच्या जागेवर बांधलेली चाळवजा इमारत. तिची आजी पंच्याऐंशीच्या पुढची, नऊवारी नाही की पंजाबी नाही, साधी पांढरी साडी. बोटीतून उतरली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. तिची आई बराकीत पापड लाटायची, वडील ते लोकलमध्ये विकायचे. तिला कराचीतलं घर आठवत नाही, पण त्या घराच्या चुलीशेजारची लोणच्याची बरणी आठवते, असं ती सांगत होती.

बोलता बोलता तिने भाजलेले उडदाचे पापड आणि पाण्याचे ग्लास आमच्यासमोर ठेवले. सिंधी घरात पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी. उन्हातून आलेल्याला नुसतं पाणी बाधू नये म्हणून पापड, आणि पापड नुसता घशात अडकू नये म्हणून पाणी. एवढं जुनं, साधं आतिथ्य.

मैत्रिणींनो, खरं सांगते, संबंध संध्याकाळीतली सर्वांत अवघड वेळ ती होती. बाजारातल्या पदार्थाला नाही म्हणणं सोपं. पण जिचं सगळं घर एकदा गेलं, तिच्या हातचं पाणी नाकारायचं? नियम मोडला असता तर कुणाला कळलंही नसतं. सोबतच्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी आजींचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं की सूर्य मावळल्यावर आम्ही पाणीसुद्धा घेत नाही, हा आमच्या भगवंतांसमोर घेतलेला नियम आहे.

आजी क्षणभर पाहत राहिल्या. मग त्यांनी चालिहोबद्दल सांगितलं. जुलै-ऑगस्टमध्ये सिंधी लोक झुलेलालसाठी चाळीस दिवसांचं व्रत करतात. त्या स्वतः वयाच्या ऐंशीपर्यंत ते करत होत्या. म्हणजे आपला चातुर्मास चालू असतो, पर्युषण जवळ आलेलं असतं, त्याच दिवसांत काही स्टेशनं पलीकडे या बायकाही पथ्य पाळत असतात आणि आपल्याला पत्ता नसतो. त्यांनी ग्लास उचलून आत नेले. येताना न भाजलेल्या पापडांची एक चळत वर्तमानपत्रात बांधून आणली आणि नातीकरवी सांगितलं, यात लसूण नाही, उद्या सकाळी भाजून खा, आणि पाणी तुमच्या घरचं प्या. व्रत करणाऱ्या बाईला व्रत समजावून सांगावं लागत नाही.

पापडाचा विषय निघाला म्हणून एक नोंद. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात गुजराती बहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तो लिज्जतचा उद्योग आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत असायलाच हवा. त्याच्या दहा वर्षं आधीपासून इथल्या बराकींतही बायका पापड लाटत होत्या. त्यांचं नाव कुठल्या पाकिटावर आलं नाही. त्यांच्या पापडांवर मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या, दुकानांच्या पागड्या दिल्या गेल्या, आणि तो हिशेब कुठल्याही वहीत लिहिलेला नाही.

आपल्या बाजूची स्टेशनं

उल्हासनगरहून बदलापूरला येताना मधे अंबरनाथ लागतं. वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळचं शिवमंदिर आहे, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चं. त्याच गावात पुढे विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला, मग औद्योगिक वसाहत आली. पाळीवरून सुटलेल्या कामगाराला उभ्या उभ्या काहीतरी गरम हवं असतं, त्यातून स्टेशनबाहेरच्या गाड्या आल्या. बदलापूरचं नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडलं असं जुने लोक सांगतात. आमच्या गावचा रस्त्यावरचा खरा खाऊ म्हणजे जांभळं. आता त्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका पाटीत जांभळं घेऊन स्टेशनबाहेर बसतात. ना चूल, ना तेल. तीन गावं आणि तीन कारणांनी रस्त्यावर आलेलं अन्न. कुठे छावणी, कुठे कारखाना, कुठे जंगल. रस्त्यावरचं खाणं म्हणजे जिभेचे चोचले असं आपण सहज म्हणून टाकतो. पण विकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात चोचल्याचा अंशही नसतो.

जायचं असेल तर

नियम असलेल्या बहिणींनी अशा फेरीला जायला काहीच हरकत नाही, फक्त चार गोष्टी आधी ठरवाव्यात. फेरी चारला सुरू करता येईल का ते विचारा, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. पाणी घरचं न्या. तेल कशाकशाला वापरलं आहे हे विचारायला लाजू नका. जिथे त्याच कढईत मांसाहारी तळलं जातं तिथे नुसतं उभं राहून ऐका. चातुर्मासात पालेभाजीचं सगळंच टाळायचं असल्याने साई भाजी हिवाळ्यासाठी ठेवा.

आणि एक पदार्थ घरी नक्की करा, सिंधी कढी. आपल्या दह्याच्या कढीत बेसन घालताना द्विदळाचा विचार करावा लागतो. सिंधी कढीत दहीच नाही. तेलात जिरं, मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता घालायचा, त्यात बेसन खमंग लालसर भाजायचं, मग हळद, तिखट आणि बेताबेताने गरम पाणी. गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा आणि टोमॅटो शिजले की चिंचेचा कोळ घालायचा. ते बटाटा आणि कमळकाकडी घालतात, आपण ती वगळायची. गरम भाताबरोबर, सूर्य असताना वाढायची.

आणखी एक करा. तुमच्या इमारतीत, दुकानात, शाळेच्या ओळखीत कुणी ऐंशीच्या पुढच्या सिंधी आजी असतील तर त्यांच्याकडे एकदा दुपारी जा. बराकी पाडून टॉवर उभे राहतायत आणि तिथे राहिलेली माणसंही थोडीच उरली आहेत. पापड आणि पाणी समोर येईल. दुपार असेल तर घ्या.

जय जिनेंद्र.